मुसळ आणि कवडसा

एका गावात एक मुसळ होतं, आणि त्या मुसळाला गावात पाटलाइतका मान होता.

आता तुम्ही म्हणाल, मुसळाला कसला आलाय मान? उखळात घालावं, कांडावं, काम झालं की भिंतीकडेला आडवं टाकावं. पण हे मुसळ कांडायचं नव्हतंच. ते गावकारभाऱ्याच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असे आणि फक्त ग्रहणाच्या दिवशी खाली उतरे. त्या दिवशी कारभारीण अंगण सारवायची, मधोमध पितळी परात मांडायची, परातीत पाणी ओतायची आणि त्या पाण्यात मुसळ उभं करायची. मुसळ आधाराशिवाय उभं राहिलं की सगळं गाव हात जोडायचं. ग्रहण लागलं! मग ज्याने त्याने घरात जायचं, दारं लावायची, चूल विझवायची, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकायचं. खायचं नाही, प्यायचं नाही, वर बघायचं तर नाहीच नाही. मुसळ आपोआप पडलं की ग्रहण सुटलं. कारभारी थाळी बडवायचा, दारं उघडायची, अंघोळी व्हायच्या आणि चुली पुन्हा पेटायच्या.

मुसळ कधी लवकर पडे, कधी उशिरा. लवकर पडलं की लोक म्हणत, "गावाची पुण्याई!" उशिरा पडलं की म्हणत, "कलियुग, दुसरं काय!" त्यामुळे मुसळ कधी चुकलं असं झालंच नाही. नदीपलीकडचा जोशी पंचांग बघून वेळ सांगून जायचा, पण ते कोण मनावर घेतो? मुसळ डोळ्यांसमोर उभं असताना कागदाला कोण विचारणार?

कारभारीण मनाने प्रेमळ होती, पण परातीत पाणी ओतताना तिची मान जरा ताठ व्हायची. आणि का होऊ नये? सूर्य केव्हा मोकळा झाला, हे अख्ख्या गावाला तिच्या अंगणातून कळायचं.

अशा या घरात एक सून आली. कामाला वाघ, बोलायला गोड, पण एक खोड होती. तिला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती ते विचारायची. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, "कारभारणीनं सून आणलीया का चौकशी बसवलीया?" कारभारीण वरवर रागवायची. आतून मात्र तिला या पोरीचा लळा लागला होता. लेक गाड्या घेऊन लांबच्या पेठांना जायचा, महिना महिना परतायचा नाही. घरात बोलायला त्या दोघीच. सुनेचे प्रश्न ऐकत भाकऱ्या थापल्या की पिठाचा गोळा कधी संपला ते कळायचं नाही.

एकदा सुनेने विचारलं, "आत्याबाई, गिऱ्हाण नसताना मुसळ उभं राहत नाही का?"

"शिव शिव! गिऱ्हाणाबिगर मुसळ उभं करू नये. घरात भांडणं होत्यात."

"कुणी करून बघितलं होतं का?"

"करू नये म्हणल्यावर कोण करंल?"

"मग भांडणं होत्यात हे कळलं कसं?"

कारभारणीने लसणाचा एक गड्डा उचलून तिच्या हातात दिला. "हे सोल," ती म्हणाली.

लसूण सोलून झाला आणि काही दिवसांनी दुसरा प्रश्न आला. माजघराला खिडकी नव्हती, पण वरच्या कौलाचा एक टवका उडाला होता. तेवढ्यातून उन्हाची तिरीप आत यायची आणि सारवलेल्या जमिनीवर लिंबाच्या चकतीएवढा कवडसा पडायचा. तांदूळ निवडता निवडता सून थांबली.

"आत्याबाई, कौलाचं भोक कसं हाय?"

कारभारणीने वर बघितलं. "तिकोनी."

"आन् कवडसा?"

"गोल."

"तिकोनी भोकातनं गोल कवडसा कसा काय पडतो?"

कारभारणीने पुन्हा वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. नवरी म्हणून या घरात आल्यापासून ती या माजघरात वावरत होती, आणि हा कवडसाही रोज वावरत होता. दोघांनी एकमेकांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. "कवडसा गोलच असतो," असं म्हणून तिने सूप पुढे ओढलं. पण त्या दिवशी तिच्याकडून तांदळात खडे राहिले, आणि ते नेमके कारभाऱ्याच्या दाताखाली आले.

पुढे सुनेला दिवस गेले. कारभारणीला आकाश ठेंगणं झालं. डोहाळे पुरवता पुरवता दिवस भराभर गेले, आणि सुनेचे दिवस भरत आले तेव्हा जोशी निरोप सांगून गेला की वैशाखातल्या अमावास्येला सूर्यग्रहण आहे.

कारभारणीने माळ्यावरून मुसळ काढलं आणि लाल फडकं सोडलं. फडक्यातून भुसा सांडला. मुसळाला वाळवी लागली होती! वरून साबूत दिसणारं मुसळ आतून पोकळ झालं होतं. कारभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका," गावचा सुतार म्हणाला. "असलं मुसळ करून देतो की गिऱ्हाण पण बघत राहील."

सुतार होता कसबी. त्याने खैराचं लाकूड निवडलं. जुन्या मुसळाचं बूड झिजून तिरकं झालं होतं. नव्याचं त्याने रुंद ठेवलं, रंधा मारून सपाट केलं, खाली लोखंडी कडं ठोकलं आणि ओळंबा धरून सरळ उभं आहे ना ते चारी बाजूंनी तपासलं. मग मुसळ कारभारणीच्या हाती देत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाऱ्यानं काय, बैलानं शिंग मारलं तरी पडायचं नाही."

गाव खूश झालं. या वाक्यातून पुढे काय निघतं, याचा विचार मात्र कुणी केला नाही. सुताराने तर नाहीच नाही.

अमावास्येचा दिवस उजाडला. ऊन सकाळीच चटके देऊ लागलं. कारभारणीने परात मांडली, पाणी ओतलं, मुसळ ठेवलं. ते असं उभं राहिलं की जणू जमिनीतून उगवलंय. गावाने हात जोडले आणि दारं लावून घेतली. कारभारी मांडीवर थाळी आणि हातात दांडकं घेऊन ओट्यावर राखण करत बसला.

कारभारणीने सुनेला माजघरात नेलं. "सरळ पडून राहा, पोरी. कापू नको, चिरू नको, शिवू नको. पाण्याचा थेंब घेऊ नको."

ती उगाच जाच करत नव्हती. शेजारणीचं लेकरू फाटक्या ओठाचं जन्मलं होतं. शेजारणीने ग्रहणात भाजी चिरली म्हणून तसं झालं, असं गाव म्हणत होतं. शेजारीण म्हणायची, मी चिरली नाही. पण तिचं कोण ऐकतो? पाणवठ्यावर ती आली की बायकांची बोलणी थांबायची. हे सगळं कारभारणीने बघितलं होतं, आणि आपल्या नातवंडाचंही तसंच होईल या भीतीने तिचं काळीज लकलकत होतं.

"आत्याबाई," सून म्हणाली, "वर बघायचं नाही ना?"

"अजिबात नाही. डोळं जात्यात."

"मग खाली बघितलं तर चालंल?"

"खाली काय बघायचंय?"

"कवडसा."

यावर कारभारणीला काही नियम आठवेना. दोघी कवडशाकडे बघत राहिल्या. आणि थोड्या वेळाने कारभारीण पुढे सरकली. कवडशाची एक कड कुणीतरी खाल्ली होती!

"कौल सरकलं का काय?"

"कौल जागच्या जागी हाय. भोक अजून तिकोनीच हाय." सून कोपरावर उठली. सरळ पडून राहायचं ती विसरली, आणि तिला आठवण करायची कारभारीण विसरली. "आत्याबाई, हा कवडसा भोकाचा नव्हंच. हा सूर्याचा हाय! सूर्य गोल म्हणून हा रोज गोल. आज सूर्याची कड गेली, तर ह्याची पण गेली."

कवडसा हळूहळू लिंबाच्या फोडीसारखा झाला. बाहेरचं ऊन फिकं पडलं आणि कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या.

"राहूनं घास घेतलाय बघ," कारभारीण पुटपुटली.

"पण घास असा कसा?" सुनेने बोटाने दाखवलं. "भाकरी दातानं तोडली की कड वेडीवाकडी होती. ही बघा, वाटीनं कापल्यागत गोल हाय. ह्याला दातच न्हाईत. मधी काहीतरी गोल आलंय."

"सूर्याच्या वाटंत कोण येणार, बाई?"

"आज अमावास्या. चंद्र रातच्याला दिसत नाही. मग त्यो हाय कुठं?"

कारभारणीच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता, हे तिला जरा उशिरा कळलं.

कवडशाची नखाएवढी कोर झाली. मग ती कोर पुन्हा भरू लागली. फोड झाली, फोडीची चकती झाली, आणि शेवटी जमिनीवर नेहमीचा गोल गरगरीत कवडसा पडला. सुनेने निःश्वास सोडला. "सुटलं, आत्याबाई. पाणी द्या आता."

कारभारीण उठली, दाराच्या फटीला डोळा लावला आणि तशीच परत आली. "नाही सुटलं. मुसळ उभं हाय."

दोघी पुन्हा बसल्या. ऊन पांढरंफटक पडलं होतं, कोंबड्या खुराड्यातून बाहेर येऊन उकरत होत्या, पण कोंबड्यांना मुसळाचं काय ठाऊक? घराघरातून फटींना डोळे लागले होते. "पडलं का?" "न्हाई." "असलं गिऱ्हाण बापजन्मात बघितलं न्हाई!" "राहूला भूकच मोठी आज." गोठ्यात गुरं हंबरत होती. पोरं पाण्यासाठी रडत होती आणि आया त्यांच्या तोंडावर हात ठेवत होत्या. कारभाऱ्याला ओट्यावर डुलकी लागली. आणि मुसळ? मुसळ सुताराच्या शब्दाला जागत होतं.

माजघर भट्टीसारखं तापलं. सुनेचे ओठ सुकले, कपाळाचा घाम आटला, बोलणं तुटक होऊ लागलं. मग तिने पोटावर हात ठेवला आणि ती कितीतरी वेळ हललीच नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात प्रश्न नव्हता. "मघापासनं लेकरू हललं न्हाई."

कारभारीण ताडकन उठली. ती तडक अंगणात आली. भर उन्हात मुसळ ताठ उभं होतं. कारभारी घोरत होता. फटींमागचे डोळेही आता थकून मिटले होते. कुणी बघत नव्हतं.

तिने मुसळाला बोट लावलं.

एक धक्का, बस. मुसळ आडवं होईल, थाळी वाजेल, दारं उघडतील, पोरीला पाणी मिळेल. घराचा मानही राहील. कुणाला काय कळणार? तिचं बोट मुसळावर होतं आणि मन पार पुढे पोहोचलं होतं. आज मी पाडीन. पुढल्या ग्रहणाला कोण पाडेल? पुढल्या घरची पोटुशी पोर अशीच तळमळेल, आणि गाव म्हणेल, मुसळ उभं आहे. मी आज हे चोरून पाडलं तर हे कायमचं उभं राहील.

तिने बोट काढून घेतलं. उखळात डोकं घातलंच आहे, तर मुसळाला कशाला भ्यायचं?

ती आत गेली. हंड्यातलं तुळशीपत्र तिने अलगद काढून देव्हाऱ्यात ठेवलं, तांब्या भरला आणि सुनेच्या ओठांना लावला. मग तिला कवेत धरून, तांब्या बरोबर घेऊन, दार सताड उघडून अंगणात आणलं आणि परातीशेजारच्या कडुलिंबाच्या सावलीत बसवलं. दाराच्या आवाजाने कारभारी दचकून उठला, आणि मांडीवरची थाळी खणखणत फरशीवर पडली.

थाळी वाजली! गावाची दारं धाडधाड उघडली आणि तितक्याच वेगाने थबकली. मुसळ उभंच होतं, आणि त्याच्या बाजूला कारभाऱ्याची सून घटाघटा पाणी पीत होती.

"अगं, काय केलंस हे?" कारभारी ओरडला. "मुसळ उभं हाय!"

"असू द्या उभं."

"गिऱ्हाण सुटलं न्हाई!"

"सुटलंय. सूर्यानं सांगितलंय." कारभारणीने लिंबाखालची जमीन दाखवली. पानांच्या फटींतून तिथे शेकडो कवडसे सांडले होते, एकूणएक गोल. "मघाशी माजघरातल्या कवडशाची कोर झाली हुती. मी माज्या डोळ्यांनी बघितली. आता बघा, एकाची तरी कड गेलीया का? मुसळाला सूर्यातलं काय कळतंय? त्येनं तर वर बघितलं पण न्हाई."

कुणी उंबरठा ओलांडेना. सगळ्यांचे डोळे सुनेवर होते. आता हिचं काय होतंय बघा, असं त्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. कारभारीण तिला पदराने वारा घालत होती, गुळाचा खडा तोंडात देत होती. आपण चुकलो असलो तर? त्या एका विचाराने तिचा जीव अर्धा झाला होता.

सुनेने एकाएकी तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून एक ढुशी बसली, मग दुसरी, चांगली जोरात.

"रागावलंय," सून म्हणाली आणि हसली.

कारभारीण मट्कन खाली बसली. रडू आणि हसू एकदमच आलं, तर बिचारी दोन्ही करत राहिली.

तेवढ्यात एक म्हातारा दारातूनच म्हणाला, "गिऱ्हाण सुटलंय तर मग मुसळ पडत का न्हाई?"

सगळे सुताराकडे बघायला लागले. सुताराची मोठी पंचाईत झाली. ग्रहण अजून आहे म्हणावं, तर कसब पाण्यात जातं. कसब आपलं म्हणावं, तर ग्रहण संपतं. त्याने मुसळाकडे बघितलं, ओठ चावले, आणि शेवटी त्याच्यातला सुतार जिंकला. "मी केलेलं मुसळ कशाला पडंल?" तो म्हणाला. "पडायला ते काय उसाचं कांडं हाय?"

कुणीतरी खुदकन हसलं. पण पहिलं पाऊल पडलं ते शेजारणीचं. आपलं लेकरू कडेवर घेऊन ती उन्हातून चालत लिंबाखाली आली, ओंजळ पुढे केली आणि कारभारणीने ओतलेलं पाणी आधी लेकराला पाजून मग स्वतः प्याली. मग ती हळूच म्हणाली, "मी नव्हती चिरली भाजी."

कारभारणीने तिच्याकडे बघितलं. "चिरली असतीस तरी काय झालं नसतं," ती म्हणाली. "चुकलं माझं. आमचं सगळ्यांचंच चुकलं." आणि तिने त्या लेकराला आपल्या मांडीवर घेतलं.

त्यानंतर दारांतून माणसं एकेक करून बाहेर आली. मुसळ संध्याकाळी उभं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर कावळा येऊन बसला, तरी ते उभंच होतं. ग्रहण नव्हतं, आणि घरात भांडणही झालं नाही. कारभारी एक दिवस फुगून बसला होता, पण ते काही भांडणात धरत नाहीत.

सुनेला मुलगी झाली. बघायला आलेल्या बायकांनी आधी तिचे ओठ बघितले, मग कान मोजले. सगळं जागच्या जागी होतं. नसतं तरी ती कारभारणीची नातच होती, आणि हे कारभारणीने त्या बायकांना तोंडावर सांगितलं.

पुढे त्या गावात सूर्यग्रहण लागलं की लोक लिंबाखाली जमू लागले. वर कुणी बघत नसे. ते जुन्यांचं खरंच होतं, सूर्याकडे टक लावली तर डोळे जातात, ग्रहण असो वा नसो. ते खाली बघत. कुणी चाळण आणे, कुणी झारा, आणि प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक चंद्रकोर पडली की पोरं आरडाओरडा करत. त्या खैराच्या मुसळाने गावभरच्या लग्नांची हळद कांडली. सुतार म्हणे, लाकडाचं सोनं झालं.

एका पुनवेला चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. कारभारणीची नात दारात उभी होती. ओट्यावर म्हातारी कारभारीण लसूण सोलत बसली होती.

"आज्जे," नात म्हणाली, "सूर्याच्या वाटंत चंद्र येतो. मग चंद्रावर ही गोल सावली कुणाची पडलीया?"

कारभारणीने लसणाचा गड्डा बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नातीचं बोट धरलं.

"मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "चल, बघू या."

तर बाळांनो, तात्पर्य काय म्हणाल, तर एवढंच: सूर्याची बातमी सूर्याला विचारावी, मुसळाला नाही, आणि पोराबाळांनी 'का' विचारलं, तर त्यांच्या हाती लसूण देऊ नये.